कोट आणि शेवटची नाव

४ ऑक्टोबर

दीपगृहाचा गेम आज सकाळी संपवला. चित्रं सुंदर, समुद्राचा आवाज सुंदर, नायिका मात्र ठोंबी. विहिरीपाशी दोरी पडलेली मला दिसते आहे. मी दोरीवर क्लिक करते, तर ही म्हणते, "दोरी कशाला हवी मला?" पुढे तळघरात उतरायची वेळ आली की तीच म्हणते, "एखादी दोरी असती तर!" मग परत विहिरीपर्यंत चालत जा. अशा बाईबरोबर मी एक कप कॉफीसुद्धा प्यायले नसते. साहसाच्या गेमचा पहिला नियम साधा आहे. दिसेल ते उचलायचं. उचलू द्यायचं नसेल तर दाखवू नका.

शिवाय शेवटी फरशा सरकवून चित्र जुळवायचं कोडं. बनवणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही की तो फरशा सरकवायला लावतो. मी जुळवलं, पण मत बदललं नाही.

दुपारी बेद्रिखचा फोन आला. हा माझ्या नवऱ्याचा, ओताचा, धाकटा भाऊ, गावाकडे राहतो. दुशिच्की जवळ आली, म्हणजे सगळं गाव स्मशानात दिवे लावायला जायचे दिवस आले, की त्याला हमखास माझी आठवण होते.

"वहिनी, यंदा तरी आणा ओताला. आईबाबांशेजारी जागा ठेवलीय."

"तो बरा आहे इथे. रेडिओशेजारी."

"कलशाला रेडिओ ऐकू येतो होय?"

"जिवंतपणी तुझं जेवढं ऐकायचा त्यापेक्षा जास्त येत असेल."

हसला. मग म्हणाला, "दर वर्षी तुमचं आपलं 'पुढच्या वर्षी'. मीच त्याच्याआधी तिथे पोचेन." मी म्हटलं, तुला नुसती सर्दी झाली तरी तू मरणाच्या गोष्टी करतोस, काढा पी आणि झोप. नवऱ्याच्या अस्थी घरी ठेवणारी मी काही जगावेगळी नाही. आमच्या जिन्यातच आणखी दोन घरांत कलश आहेत.

७ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरची आपोलेना आणि तिचा क्रिश्तोफ गेम बनवतात हे मला ठाऊक होतं. त्यांची पार्सलं मीच घेऊन ठेवते. आज दोघं वर आले, खसखशीचे गोड पाव घेऊन. दारातच आपोलेना म्हणाली, "काकू, एक काम होतं."

आता मला त्यांचा गेम खेळून तपासायचा आहे. महिनाअखेर तो विक्रीसाठी पाठवायचा आहे.

"तपासायला दुसरं कोणी मिळेना का?" मी विचारलं.

क्रिश्तोफ म्हणाला, "मिळाले की. सगळे पंचविशीतले. जुन्या पद्धतीचे गेम कोणी खेळलेलंच नाही. आणि आमचा गेम घेणार आहेत ते तुमच्यासारखे लोक."

"म्हणजे म्हातारे."

"म्हणजे हट्टी."

आपोलेनाने त्याला कोपराने ढोसलं. मला तो मुलगा आवडला. हो म्हटलं. मी शाळेत फार गेले नाही. सूतगिरणीत लागले तेव्हा तिथल्या वाचनालयातली पुस्तकं पहिल्या फळीपासून ओळीने वाचत गेले, कुठली चांगली हे सांगायला कोणी नव्हतं म्हणून. त्यामुळे चांगलं-वाईट माझं मीच ठरवायला शिकले. गेमच्या बाबतीतही तेच. मला मत विचारलं तर मी देते, गोड करून देत नाही. हे त्यांना आधीच सांगितलं.

१० ऑक्टोबर

पहिली बैठक, त्यांच्या स्वयंपाकघरात. पद्धत अशी की मी खेळायचं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. त्यांनी मागे बसून टिपायचं आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. मी चुकीच्या दारावर कितीही धडका दिल्या तरी नाही. क्रिश्तोफला हे जमत नाही, म्हणून तो स्वेटरची बाही दातात धरून बसतो.

गेम चांगला आहे. चांगला म्हणजे खरंच चांगला. धरणाचं पाणी चढतं आहे, खोऱ्यातलं गाव रिकामं होतं आहे. योहाना नावाची मुलगी मागे राहिलेल्यांना घरोघरी जाऊन समजावते आणि शेवटच्या नावेपर्यंत आणते. वडील नुकतेच वारलेले. त्यांचा मेंढीच्या कातड्याचा कोट तिच्या अंगावर. तो कोट कुत्र्यावर टाकला की कुत्रा गप्प, आगीवर टाकला की आग गप्प, काटेरी तारेवर टाकला की पलीकडे जाता येतं. एकच वस्तू इतक्या कामांना येते हे फार हुशारीचं आहे. वस्तूंचा ढीग गोळा करायला लावणाऱ्यांनी शिकावं.

एक चूक काढली. ओढ्यातून गेल्यावर कोट ओला व्हायला हवा आणि मुलगी हळू चालायला हवी. सूतगिरणीनंतर इस्पितळाच्या धुलाईघरात मी उमेदीची वर्षं घालवली. रुग्णांखाली अंथरतात ते मेंढीचं कातडं भिजलं की वासरासारखं जड होतं, दोघींना मिळून उचलावं लागायचं. आपोलेनाने लगेच लिहून घेतलं.

१२ ऑक्टोबर

पाऊस. बाहेर गेले नाही. मोकळा वेळ म्हणून एका जुन्या चक्रव्यूहाच्या गेममध्ये डोकं घातलं. चक्रव्यूह मला पटत नाहीत. ज्याच्याकडे सांगायला गोष्ट नसते तो माणसाला सारख्याच दिसणाऱ्या खोल्यांतून फिरवतो.

पण चक्रव्यूहानेच आम्ही सुरुवात केली होती. तेव्हा गेममध्ये चित्रं नसायची, नुसती अक्षरं, आणि गेम कॅसेटवर हातोहात फिरायचे. ओता टाइप करायचा आणि मी सांगायचे काय टाइप करायचं ते. तो फिटर, बोटं जाड, दर ओळीत चूक. मी म्हणायचे "उत्तरेला जा", तो भलतंच काही लिहायचा आणि यंत्र म्हणायचं, समजलं नाही. "यंत्राला आपली मोराव्हियाची बोली येत नाही," असं तो म्हणायचा.

एकदा आम्ही ओझं नको म्हणून कंदील पहिल्याच खोलीत ठेवून दिला. कित्येक आठवड्यांनी गुहेच्या तोंडाशी पोचलो, तेव्हा मागे फिरायचा रस्ता बंद झालेला. सगळं वाया. ओता उठला, बिअर घेऊन आला आणि म्हणाला, "लिबुशे, यापुढे काही म्हणजे काही टाकायचं नाही." त्यानंतर आम्ही काही टाकलं नाही, आणि त्यानंतर अडकलोही नाही. आजचे बनवणारे खेळणाऱ्याला असं गाडत नाहीत, पण नियम नियमच.

१४ ऑक्टोबर

शेवटचा भाग. नाव काठाला लागलेली, पाणी चढलेलं, सगळी माणसं नावेत बसली आहेत. फक्त योहाना काठावर. नावाडी म्हणतो, "नाव जड झाली आहे." बस्स, तेवढंच. पुन्हा विचारलं तरी तेवढंच.

मी केलेले प्रयत्न: बादलीने नावेतलं पाणी उपसलं. नावाड्याला प्लमची दारू दिली, तो प्यायला आणि तेच वाक्य म्हणाला. नावेतली पाळीव हंसी उतरवली, ती पोहत परत आली. नावेतल्या म्हातारीला तिचं शिलाई मशीन सोडायला सांगितलं, ती नाही म्हणाली, आणि बरोबरच आहे तिचं. नावेची दोरी खांबाला बांधून नाव ओढून बघितली. कोट नावेच्या भोकावर दाबला, पण भोक नव्हतंच. कोट नावाड्याला घालायला दिला, त्याने परत दिला.

"आता काय करू म्हणता?" मी मागे न बघता विचारलं. बाही चावल्याचा आवाज आला.

१५ ऑक्टोबर

आजही तिथेच. पुन्हा सगळं केलं, उलट क्रमानेही केलं. शेवटी माउस बाजूला ठेवला आणि माझं मत दिलं. हे कोडं मोडकं आहे. नाव जड आहे तर काय उतरवायचं याची काहीतरी खूण हवी. मुलीकडे एक रिकामी बादली, एक सुरी आणि अंगावरचा कोट. यातलं काहीच नाव बुडवेल इतकं जड नाही.

क्रिश्तोफने बाही सोडली. "संपलं मग. कापून टाकू हा भाग. आधीच्या भागातल्या पाणचक्कीपाशीच गेम संपवू, सगळे नावेत बसले, गोड शेवट. महिनाअखेर आली."

"कापू नकोस," आपोलेना म्हणाली.

"अगं, काकूंना सुटत नाही तर कोणाला सुटणार?"

"बाकीच्यांना सुटलं."

"बाकीचे आपला गेम विकत घेणार नाहीत!"

आपोलेना टेबलावरचे कप गोळा करायला लागली, माझा अर्धा भरलेलासुद्धा. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "माझी आजी होती त्या नावेत. बाकीचा सगळा गेम मी या एका भागासाठी बनवला. पण काकू, तुम्ही मोडकं म्हणालात तर मोडकं. तुम्ही म्हणाल तसं करू."

वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, कापायच्या आधी दुरुस्त करून बघा. खेळणाऱ्याला एवढं चालवलंत तर शेवटी त्याच्या पदरात काहीतरी टाका. हात हलवत पाठवू नका.

१८ ऑक्टोबर

शनिवार, साफसफाई. रेडिओच्या फळीवरची धूळ पुसली, रेडिओ उचलून, घड्याळ उचलून, कलशाच्या कडेकडेने.

नंतर बागेचा एक छोटा गेम खेळले. वाफ्यांमधून पाण्याचे पाट असे वळवायचे की सगळ्या झाडांना पाणी मिळेल. घाई नाही, घड्याळ नाही, मेलेली माणसं नाहीत. उत्तम. पाठीमागे जे टिंगटिंग संगीत वाजत राहतं ते बंद केलं की आणखी उत्तम. ज्यांना झोप येत नाही त्यांना मी हा सांगेन. आवाजावरून ओळखायची कोडी घालणाऱ्यांनाही सांगेन, कारण माझा डावा कान गेलेला आहे आणि त्यांनी तो हिशेबात धरलेलाच नसतो.

बेद्रिखचा पुन्हा फोन. घेतला नाही.

२१ ऑक्टोबर

आपोलेनाने दुरुस्त केलेला भाग आणला. त्याआधी म्हणाली, "काकू, नियम मोडते, पण तुम्ही हे बघाच." आणि लॅपटॉपवर दुसऱ्या एका मुलीचं खेळणं दाखवलं. ओलोमोउत्स शहरातली कुठली पोरगी, च्युइंगगम चघळते आहे. नावाडी म्हणाला, नाव जड झाली आहे. पोरगी म्हणाली, "अच्छा, कोट," आणि कोट उचलून काठावर ठेवला. योहाना नावेत बसली. झालं. गम चघळणंसुद्धा थांबलं नाही.

"कोट?" मी म्हटलं. "कोट ठेवायचा?"

"हो."

"गेममधली सगळ्यात उपयोगाची वस्तू!"

"हो."

"आणि पुढे लागला तर?"

"पुढे काही नाही, काकू. नदी ओलांडली की गेम संपतो."

मी म्हटलं, हे खेळणाऱ्याला कुठून कळणार? ती पोरगी जुने गेम खेळलेलीच नाही, तिला काय टाकायचं आणि काय नाही याची शिस्तच नाही. आपोलेना एवढंच म्हणाली, "ओढ्यातून आल्यावर तो भिजतो. तुम्हीच सांगितलं होतंत, वासरासारखा जड होतो म्हणून. मी घातलं ते."

ते माझ्या लक्षातून गेलं होतं.

मग दुरुस्त केलेला भाग खेळले. उत्तर माहीत असूनही वेळ लागला, कारण माउस त्या काठावरच्या जागेवर नीट बसत नव्हता. ठेवला शेवटी. नाव निघाली. पलीकडच्या काठावर नावाडी मागून हाक मारतो, "पोरी, तुझा कोट!" आणि तो कोट तिच्या हातात देतो. वाळलेला, घडी घातलेला. वर घंटा वाजते आणि स्क्रीनवर सोन्याचं पदक येतं.

"हे तुम्ही म्हणालात म्हणून," आपोलेना म्हणाली. "पदरात काहीतरी."

मी घरी आले. जेवले नाही. तो नावाडी असा कसा घेऊन आला कोट? नाव जड होती ना? मग त्याने तो आणला कुठून? आणि घडी कोणी घातली?

२२ ऑक्टोबर

सकाळी चहाही न घेता खाली गेले. क्रिश्तोफने दार उघडलं, दात घासत होता.

"काढून टाका," मी म्हटलं.

"भाग?"

"तो परत येणारा कोट. पदक पण. पहिलं होतं तसंच ठेवा."

त्याने फेस थुंकला. "काकू, मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात कोडं मोडकं आहे!"

"म्हणाले. कोडं धड होतं. मी चुकीचं खेळत होते."

"लिहून द्याल का हे?"

"तोंड धू आधी."

आपोलेना आतून आली. तिला मी सगळं नीट सांगितलं. कोणी कोट परत आणून देत नाही. आणून दिला की आधीचा ठेवणं खोटं ठरतं, आणि खेळणाऱ्याला वाटतं, उगाच घाबरलो. तो उगाच घाबरलेला नाही. दुसरं, नावाड्याने "जड झाली आहे" हेसुद्धा म्हणायला नको, मग माणूस नावाड्याशी वाद घालत बसतो, मी बसले तशी. नाव पाण्यात किती खाली गेली आहे ते चित्रात दाखवा, पुरे आहे. तिसरं, ठेवताना "नक्की ठेवायचा का?" अशी पाटी येते, ती काढा. नक्की कोणालाच नसतं.

आपोलेना लिहीत होती, लिहिता लिहिता थांबली. "पण काकू, तुमच्यासारखे लोक अडकतील मग."

"अडकू देत. मी दोन दिवस अडकले, मेले का?"

क्रिश्तोफ म्हणाला, "आणि चिडून एक तारा देतील आम्हाला."

"देतील काही जण. मीही दिला असता." मग त्याला सांगितलं की मी आजवर खेळलेल्या गेमपैकी शेवट आठवतो असे फार थोडे आहेत, आणि हा त्यातला एक असेल. एवढं चांगलं मी सहसा कोणाला म्हणत नाही, हे त्याला आता कळायला लागलं आहे.

"उद्या जुना भाग परत घालून देते," आपोलेना म्हणाली. "एकदा खेळाल? तुमच्या घरी, एकट्या. आम्ही मागे बसणार नाही."

२३ ऑक्टोबर

खेळले. सकाळी, कॉफीबरोबर. नावाडी आता बोलत नाही. नाव पाण्यात खाली गेलेली दिसते. तिथे मी बराच वेळ बसले. कॉफी गार झाली.

ठेवला.

नाव निघाली की चित्र योहानाच्या पाठीमागून दिसतं, काठ लहान होत जातो. आधी कोट ओळखू येतो, मग एक ठिपका, मग काठ आणि ठिपका एकच होतं. संगीत नाही. चांगलं केलं आहे. एकच सूचना: ठिपका थोडा आणखी वेळ राहू द्या.

संध्याकाळी बेद्रिखला फोन केला. दुशिच्कीच्या आदल्या शुक्रवारी येते म्हटलं, स्मशानाच्या माणसाला सांगून ठेव.

तो म्हणाला, "काय झालं वहिनी? तब्येत बरी आहे ना?"

"माझ्या तब्येतीला काय झालंय? शुक्रवारी बसला गर्दी कमी असते."

३१ ऑक्टोबर

सकाळच्या बसने गेले. कलश बाजाराच्या कापडी पिशवीत, भोवती टॉवेल. फळीवरून तो मी पहिल्यांदाच उचलला. आणला तेव्हा बेद्रिखनेच ठेवला होता. मला वाटलं होतं बराच जड असेल. शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "द्या, वर ठेवते पिशवी." मी म्हटलं, मांडीवरच बरी आहे.

बेद्रिख थांब्यावर उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात शेवंतीची कुंडी. स्मशानाच्या माणसाने जागा उघडून ठेवलेली. तिथे पोचल्यावर बेद्रिख म्हणाला, "द्या, मी ठेवतो." मी दिला. त्याने कलश दोन्ही हातांनी धरला आणि तसाच उभा राहिला. इतकी वर्षं फोनवर फोन, आणि आता हलेना.

"माझं ड्रिल परत केलंच नाही यानं," तो म्हणाला.

"तुला दुसरं आणून दिलं होतं."

"ते चांगलं नव्हतं." डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्याच्या. "अगदीच भिकार होतं ते, वहिनी."

स्मशानाचा माणूस टोपी काढून उभा होता, त्याला घाई दिसत नव्हती. थोड्या वेळाने मी बेद्रिखच्या हातातून कलश घेतला, गुडघ्यावर बसले आणि ठेवला. खाली माती ओली होती. हात पुसायला टॉवेल होता. गुडघे दुखले, उठताना बेद्रिखने हात दिला. मग आम्ही दिवा लावला. वाऱ्याने दोनदा विझला, तिसऱ्यांदा राहिला.

तो स्मशानाचा माणूस निघताना म्हणाला, "रविवारी इथे पाऊल ठेवायला जागा नसेल, बाई. आज आलात ते बरं केलंत." त्याला सांगितलं की फाटकापाशी बाणाची पाटी उलटी लागली आहे, नवा माणूस भिंतीवर जाऊन आदळेल. तो बघतो म्हणाला.

बेद्रिखकडे डुकराचं मांस आणि कोबी झाला, एक प्याला जास्तच झाला. निघताना त्याने माझी पिशवी सफरचंदांनी भरली. नको नको म्हटलं तरी वर आणखी चार कोंबली. "रिकामी पिशवी घेऊन जाणार का घरी?" म्हणाला. परतीच्या बसमध्ये ती मांडीवर मावेना. शेवटी उभ्या असलेल्या एका माणसाला वर ठेवायला सांगितली, आणि तो "काय भरलंय हो, दगड?" असं म्हणाला.

जिन्यात आपोलेनाचं दार उघडंच होतं. मला बघून धावत आली, पायात चपलासुद्धा नाहीत.

"पाठवला, काकू! दुपारी पाठवला!"

"कोट?"

"काठावरच आहे."

"ठिपका?"

"तुम्ही म्हणालात तेवढा वेळ ठेवला."

"बरं केलंस," मी म्हटलं. "ही पिशवी धर, निम्मी तुम्हाला. माझ्या एकटीच्याने वर जात नाही."